खताच्या डब्यात अळ्या झाल्या? डबा फेकण्याआधी हे वाचा

पावसाळ्यातली सकाळ. भाजीची देठं आणि केळ्याची सालं घेऊन तुम्ही गॅलरीतल्या खताच्या डब्याचं झाकण उघडता आणि आत सगळं हलत असतं. शेकड्याने अळ्या. वर चिलटांचा थवा थेट तोंडावर येतो.

मागच्या जुलैत माझं हेच झालं. पुण्यातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये मी २० लिटरच्या डब्यात खत करायला घेतलं होतं. अळ्या बघून झाकण लावलं आणि दोन दिवस गॅलरीत गेलेच नाही. तिसऱ्या दिवशी खालच्या काकूंनी विचारलं, "काही सडलंय का गं तुमच्याकडे?"

घरी खत करणारे अनेक जण याच टप्प्यावर थांबतात. कधी घरातले वैतागतात, कधी शेजाऱ्यांची तक्रार सोसायटीच्या कमिटीपर्यंत जाते. डबा बंद होतो आणि ओला कचरा पुन्हा घंटागाडीत जायला लागतो. खरं तर तोपर्यंत फारसं काही बिघडलेलं नसतं.

डब्यात किडे येतातच का?

हो, आणि यायलाच हवेत. खत म्हणजे कुजवण्याची क्रिया. जिवाणू, बुरशी आणि बारीक किडे मिळून कचऱ्याची माती करतात. गांडूळ, वाणी, पांढरी बुरशी हे सगळे या कामातले मजूर आहेत. त्यामुळे 'एकही किडा नको' हे ध्येयच चुकीचं आहे. एखादाच प्रकार अचानक प्रचंड वाढला, तर मात्र डब्यातला ओल्या-सुक्याचा तोल गेलाय असं समजायचं.

कोण दिसलं, तर काय समजायचं?

*चिलटं:* फळांची सालं उघडी राहिली आहेत. चिलटं सालींवर अंडी घालतात आणि उबदार हवेत साधारण ८ ते १० दिवसांत नवी पिढी उडायला लागते. म्हणून आज चार दिसलेली चिलटं पुढच्या आठवड्यात शंभर होतात.

*पांढऱ्या, गुळगुळीत, एका टोकाला निमुळत्या अळ्या:* या बहुधा घरमाशीच्या. डबा फार ओला झालाय किंवा त्यात शिजवलेलं अन्न जास्त पडतंय. घरमाशी घाणीवरून उठून अन्नावर बसते, त्यामुळे हिचा बंदोबस्त करायलाच हवा.

*करड्या-तपकिरी, चपट्या, वळ्या-वळ्यांच्या जाड अळ्या:* या 'ब्लॅक सोल्जर फ्लाय' नावाच्या माशीच्या. दिसायला किळसवाण्या, पण कचरा फस्त करण्यात पटाईत. यांची पूर्ण वाढ झालेली काळी माशी चावत नाही आणि घरातल्या अन्नावर घोंघावत नाही. तिचं आयुष्यच एक-दोन आठवड्यांचं. शिवाय या अळ्या भरपूर असतील तिथे घरमाशीला जम बसवणं अवघड जातं. अळ्या मोठ्या झाल्या की काळपट होऊन कोरडी जागा शोधत डब्याबाहेर पडतात. बघणारा दचकतो, पण त्या कुणाला त्रास देत नाहीत.

*मुंग्या:* डबा कोरडा पडलाय. थोडं पाणी शिंपडून खालीवर करा. ओल वाढली की मुंग्या मुक्काम हलवतात.

*झुरळं:* शिजवलेलं, तेलकट अन्न डब्यात जातंय आणि झाकणाला फट आहे.

*इंग्रजी 'सी'सारखी वळलेली जाड पांढरी अळी:* ही भुंग्याची. यातल्या काही फक्त कुजलेला पाला खातात. त्या जमिनीवर ठेवल्या की पाठीवर उलट्या सरपटतात. पण हुमणीची अळी कुंडीत गेली तर मुळं कुरतडते. कोकणात, गोव्यात नारळाची बाग असेल तर जास्त जपा, कारण माडाचा शेंडा पोखरणारा गेंड्या भुंगा शेणखताच्या खड्ड्यातच अंडी घालतो. खत कुंडीत टाकण्याआधी चाळा आणि अशा अळ्या वेचून काढा.

पण मुळात हे होतं का?

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरमध्ये खताची जी पद्धत बसवली, ती 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. त्यात पालापाचोळा आणि शेण यांचे थर देऊन मोठा ढीग रचतात आणि काही आठवड्यांच्या अंतराने तो पलटतात. एवढा मोठा ढीग आतून चांगलाच तापतो. तापमान ५५ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की माश्यांची अंडी आणि अळ्या तगत नाहीत.

आपला २० लिटरचा डबा एवढा तापत नाही. कचरा कमी, त्यामुळे आतली उष्णता टिकत नाही. त्यात आपल्या स्वयंपाकघरातला कचरा म्हणजे नुसतं पाणी: कलिंगडाची सालं, टोमॅटो, पालेभाजीची देठं. पाण्याने हवेची जागा घेतली की कचरा कुजण्याऐवजी सडतो, वास सुटतो आणि त्या वासावर माशी येते. डब्याला उष्णतेचं संरक्षण नाही, म्हणून आपल्याला सुक्या पाल्यावर भिस्त ठेवावी लागते.

आज अळ्या दिसल्या तर काय करायचं?

१. दोन-तीन दिवस नवीन कचरा टाकू नका.

२. डबा तळापासून ढवळा. खालचे गठ्ठे फोडा, भोकं बुजली असतील तर मोकळी करा.

३. सुका पाला, कोकोपीट किंवा रंग-पॉलिश न लागलेल्या लाकडाचा भुसा मिसळा. मग मूठभर मिश्रण घट्ट पिळून बघा. पाण्याची धार लागली तर अजून सुकं हवं. एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर.

४. वरून दोन इंच सुका थर द्या. माशीला अंडी घालायला ओली साल दिसताच कामा नये. सगळ्या उपायांत हा सगळ्यात महत्त्वाचा.

५. झाकणाखाली किंवा हवेच्या भोकांवर जुन्या सुती कापडाचा तुकडा घट्ट बांधा. हवा जाईल, माशी जाणार नाही.

पुढे रोजचं गणित सोपं आहे: एक वाटी ओला कचरा, तर त्यावर एक ते दोन वाट्या सुकं. चिलटं फार असतील तर सालं बारीक चिरून आतल्या थरात दाबा. मूठभर निंबोळी पेंडही अनेक जण मिसळतात.

काय करू नये?

कीटकनाशकाचा फवारा किंवा फिनेल अजिबात नको. खत करणारे जीवही त्याने मरतात आणि तेच खत उद्या कोथिंबिरीच्या कुंडीत जाणार असतं. मटण-मासळीचे तुकडे, दूध आणि तेलकट उष्टं छोट्या डब्यात टाकू नका.

खरी काळजी कधी करायची?

दोन बाबतींत. पहिली, उंदीर-घुशी. त्यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरू शकतो. लेंड्या किंवा कुरतडल्याच्या खुणा दिसल्या तर हातमोजे घालूनच डबा हाताळा. शिजवलेलं अन्न टाकणं थांबवा, डबा विटांवर उचलून ठेवा आणि त्याला तारेची जाळी लावा. जाळीची भोकं पाव इंचापेक्षा मोठी नकोत.

दुसरी, डास. डेंग्यू पसरवणारा एडिस डास खतात नाही, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. म्हणजे धोका डब्याखालच्या ताटलीत असतो, विशेषतः तिथे पावसाचं पाणी साचलं तर. अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, म्हणून ताटली दर दोन-तीन दिवसांनी रिकामी करून घासा.

पाला आणायचा कुठून?

पावसाळ्यात गरज सगळ्यात जास्त आणि सुका पाला मिळत नाही, ही खरी अडचण. तयारी फेब्रुवारी-मार्चमध्येच करावी लागते. पानगळीत सोसायटीच्या आवारात ढिगाने पडलेला पाला बऱ्याच ठिकाणी जाळला जातो. त्यातली दोन पोती भरून कोरड्या जागी ठेवली तर लहान कुटुंबाच्या डब्याला पावसाळ्यात मोठा आधार होतो.

माझ्याकडे तेव्हा पोतं नव्हतं. नर्सरीतून कोकोपीटची वीट आणली आणि वरचे उपाय केले. दोन दिवसांत वास गेला, चिलटं जायला दहा-बारा दिवस लागले. अळ्या करड्या निघाल्या, त्यांना राहू दिलं. यंदा मार्चमध्ये दोन पोती पाला भरून ठेवलाय. त्यातलं एक खालच्या काकूंचं आहे.