विश्लेषण : फिल्मच्या जमान्यातील मॅक्रो लेन्स डिजिटल कॅमेऱ्यावर कशी चालते?

फोटो स्टुडिओंमधले फिल्मचे मोठे कॅमेरे केव्हाच कपाटात गेले. त्यांच्या काही लेन्स मात्र अजून ठणठणीत आहेत. मामिया, पेंटॅक्स, हॅसलब्लाड यांच्या मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्यांसाठी बनलेल्या मॅक्रो लेन्स एका धातूच्या कड्याच्या आधाराने आजच्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसतात आणि चांगले कामही देतात. त्याच कपाटात जुन्या लग्नामुंजींच्या निगेटिव्ह पडून असतील, तर त्या कायमच्या जाण्याआधी उतरवून घ्यायलाही हीच लेन्स उपयोगी पडते. पण हे जमते कसे, आणि अडचण कुठे येते?

मीडियम फॉरमॅट म्हणजे काय?

नेहमीच्या ३५ मिमी फिल्मवरची चौकट २४ बाय ३६ मिमीची असते. आजच्या ‘फुल फ्रेम’ डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सरही तेवढाच असतो. कोडॅकने १९०१ मध्ये आणलेली १२० क्रमांकाची फिल्म यापेक्षा बरीच रुंद. तिच्यावर ‘सहा बाय साडेचार’, ‘सहा बाय सहा’, ‘सहा बाय सात’ सेंटिमीटर अशा नावांच्या चौकटी टिपल्या जात. प्रत्यक्षात सहा बाय सहाची चौकट भरते ५६ मिमीची. एवढी चौकट व्यापायची म्हणून लेन्सने फेकलेले प्रतिमेचे वर्तुळही मोठे असते. ही लेन्स डिजिटल कॅमेऱ्यावर लावली की त्या वर्तुळाचा फक्त मधला भाग सेन्सरवर पडतो. कोणत्याही लेन्सचा तोच सर्वात स्वच्छ भाग.

एक खुलासा इथेच करायला हवा. आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओंत सर्रास दिसणारे दोन डोळ्यांचे यशिका किंवा रोलायफ्लेक्स कॅमेरे १२० फिल्मचेच असले, तरी त्यांच्या लेन्स अंगालाच जोडलेल्या असतात. त्या काढून दुसरीकडे लावता येत नाहीत. ते कॅमेरे तसेच जपावेत.

अ‍ॅडाप्टरमध्ये काच का लागत नाही?

लेन्स जिथे बसते त्या कड्यापासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचे अंतर प्रत्येक कॅमेरा पद्धतीत ठरलेले असते. कॅननच्या जुन्या ईएफ पद्धतीत ते ४४ मिमी, निकॉनच्या एफ पद्धतीत ४६.५ मिमी, सोनीच्या मिररलेस कॅमेऱ्यात अवघे १८ मिमी. उलट मामिया ६४५ मध्ये ते ६३.३ मिमी, हॅसलब्लाडच्या व्ही पद्धतीत ७४.९ मिमी आणि पेंटॅक्स ६७ मध्ये जवळपास ८५ मिमी. म्हणजे मीडियम फॉरमॅटची लेन्स सेन्सरपासून लांबच हवी असते. मामियाची लेन्स कॅनन ईएफवर लावताना मध्ये सुमारे १९ मिमीची मोकळी जागा उरते. तेवढ्या उंचीचे पोकळ कडे बसवले की काम झाले. भिंग नाही, वायर नाही, म्हणून चित्राचा दर्जाही घसरत नाही.

हा न्याय उलटा लागू होत नाही. फुजीफिल्मच्या जीएफएक्ससारख्या नव्या डिजिटल मीडियम फॉरमॅटमध्ये हे अंतर २६.७ मिमीच आहे आणि त्यांच्या लेन्सचे अ‍ॅपर्चर विजेवर चालते. साध्या कड्याने त्या जुन्या डीएसएलआरवर बसवून भागत नाही. इथे बोलतो आहोत ते अ‍ॅपर्चरची कडी हाताने फिरवायच्या लेन्सबद्दल.

१२० मिमीची लेन्स किती मिमीची होते?

१२० मिमीचीच राहते. यावर दुकानदारही चुकीचे सांगताना आढळतात. ‘मीडियम फॉरमॅटची १२० म्हणजे साध्या कॅमेऱ्यावर ७५’ हे वाक्य अर्धेच खरे. ६४५ कॅमेऱ्यावर या लेन्समधून जेवढे दृश्य मावते, तेवढे मावायला फुल फ्रेमवर साधारण ७५ मिमीची लेन्स लागते, एवढाच त्याचा अर्थ. तीच १२० फुल फ्रेमवर लावली तर ती इतर कुठल्याही १२० सारखी वागते.

मॅक्रोचे प्रमाणही बदलत नाही. ‘एकास एक’ म्हणजे वस्तू जेवढी, तेवढीच तिची प्रतिमा. मात्र ६४५ च्या ५६ मिमी रुंद चौकटीत जे मावत होते, त्यातले आता ३६ मिमीच मावते. म्हणून चित्र अधिक जवळून घेतल्यासारखे भासते. मोबाइलच्या मॅक्रोत वस्तूच्या अगदी दोन-चार सेंटिमीटरवर जावे लागते, फोनचीच सावली पडते आणि किडा असेल तर उडून जातो. १२० मिमीच्या लेन्सला बरेच मागे राहता येते. कासच्या पठारावर सेंटिमीटरभराची सीतेची आसवे टिपताना हा फरक लगेच कळतो.

उजेड कुठे गेला?

जवळ जावे तशी लेन्स सेन्सरपासून दूर सरकते आणि प्रकाश विखुरतो. एकास एकला लेन्सवर एफ/८ लिहिलेले असले, तरी प्रत्यक्षात ते सुमारे एफ/१६ सारखे वागते. दोन स्टॉप, म्हणजे तीन-चतुर्थांश उजेड कमी. आणि एफ/८ लाही स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली असते जेमतेम एक मिलिमीटर. ती वाढवायला एफ/२२ करावे, तर प्रकाशाच्या विवर्तनामुळे सगळेच चित्र मऊ पडते. म्हणून तिपाई, फ्लॅश किंवा फोकस थोडा थोडा सरकवत अनेक फोटो काढून ते जोडणे, हाच मार्ग. ऑटोफोकस नसतोच. मिररलेस कॅमेऱ्यात दृश्य मोठे करून पाहता येते, हे मोठे वरदान. मेनूतील ‘लेन्सशिवाय शटर चालू’ हा पर्याय सुरू करायला विसरू नये. तो बंद असेल तर अनेक कॅमेरे फोटोच काढत नाहीत.

आणखी एक दोष फारसा सांगितला जात नाही. सेन्सरबाहेर पडणारा जादा प्रकाश कॅमेऱ्याच्या आतल्या भिंतींवर आपटून परततो आणि चित्रावर फिकटपणा येतो. खोल हूड लावावे, अ‍ॅडाप्टरच्या आतून काळे मखमली कापड चिकटवावे. खर्च नगण्य, फरक डोळ्यांना दिसणारा.

कोणती लेन्स घ्यावी?

नावात ‘मॅक्रो’ आहे म्हणून भुलू नये. हॅसलब्लाडची माक्रो-प्लानार १२० मिमी एफ/४ अप्रतिम आहे, पण जोडनळीशिवाय ती वस्तूच्या एक-पंचमांशाच्या आसपासच प्रतिमा देते. पेंटॅक्स ६७ ची १३५ मिमी मॅक्रो एक-तृतीयांशापर्यंतही जेमतेम पोहोचते. मामिया ६४५ ची ८० मिमी एफ/४ निम्म्यापर्यंत जाते, तर तिचीच १२० मिमी एफ/४ थेट एकास एकपर्यंत. डिजिटलवर वापरायला माझ्या मते या शेवटच्या दोन सर्वात सोयीच्या; त्यांच्यावर अ‍ॅपर्चर हाताने बंद करायची कळही असते. मामिया आरबी ६७ ची १४० मिमी मॅक्रो स्वस्तात मिळाली तरी थांबावे. तिला फोकसची कडीच नाही, ते काम मूळ कॅमेऱ्याच्या भात्याचे होते.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत वाढलेल्या लेन्समध्ये बुरशी हमखास असते. घेण्यापूर्वी मोबाइलचा टॉर्च मागून मारून आत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर सौदा सोडावा. आणि घरी काहीच नसेल, सगळे विकतच घ्यायचे असेल, तर सरळ आधुनिक ९० किंवा १०० मिमीची वापरलेली मॅक्रो घ्यावी. जुनीच्या मागे लागण्यात अर्थ आहे तो ती हाताशी असेल किंवा खरोखर स्वस्त मिळत असेल तरच.

निगेटिव्हसाठी ती का चांगली?

मॅक्रो लेन्स सपाट वस्तू कडेपर्यंत सारखी स्पष्ट दाखवण्यासाठी आखलेली असते. निगेटिव्ह ही सपाटच वस्तू. सहा बाय सहाची निगेटिव्ह फुल फ्रेमच्या २४ मिमी उंचीत बसवायला ०.४३ पट प्रतिमा लागते, म्हणजे मामियाची ८० मिमी पुरेशी. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून अशी सुमारे १६ मेगापिक्सेलची चौकोनी प्रत मिळते. भिंतीवर लावायला भरपूर. ३५ मिमीच्या निगेटिव्हला मात्र एकास एकच हवे.

कॅमेरा खाली तोंड करून तिपाईला बांधावा. निगेटिव्हखाली एलईडी पॅनेल ठेवावे. मोबाइल किंवा टॅबचा पांढरा पडदाही चालतो, पण निगेटिव्ह थेट त्यावर ठेवली तर पडद्याचे ठिपके उमटतात. मध्ये दुधी अ‍ॅक्रिलिक आणि काही सेंटिमीटरचे अंतर हवे. स्वस्त अ‍ॅडाप्टर पाव मिलिमीटर जाड-बारीक असला तरी इथे बिघडत नाही. तो किंचित तिरका असेल, तर मात्र निगेटिव्हची एक बाजू अस्पष्ट येते. कॅमेरा समांतर आहे की नाही हे तपासायला निगेटिव्हच्या जागी छोटा आरसा ठेवावा. लेन्सचे प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यावर दिसले की झाले. फोटो रॉ स्वरूपात, एफ/८ ला, टायमर लावून घ्यावा. कृष्णधवल निगेटिव्ह संगणकावर उलटी करणे सोपे. रंगीत निगेटिव्हचा नारिंगी थर काढायला थोडी खटपट लागते.

सुरुवात कुठून करावी, हे नाकाला विचारावे. अ‍ॅसिटेटच्या फिल्म उष्णता आणि दमटपणाने सडू लागल्या की व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, मग त्या आक्रसतात, वळतात आणि सपाट होईनाशा होतात. ज्या पाकिटाला असा वास येतो, ते आधी बाजूला काढावे आणि त्याच आठवड्यात उतरवून घ्यावे.