वेण्णेचें निर्मळ पाणी

महाबळेश्वराच्या पठारावर उगम पावणारी वेण्णा १८४२ सालीं बांधलेल्या तळ्यांतून निघून लिंगमळ्याच्या कड्यावरून उडी घेते, मेढ्याच्या खोऱ्यांतून वाहते व साताऱ्याजवळ माहुलीस कृष्णेला मिळते. पठाराचा माथा जांभ्या दगडाचा. त्याखालीं काळा पाषाण. जांभा सच्छिद्र, म्हणून पावसाचें पाणी त्यांत मुरतें आणि खालच्या पाषाणाशीं अडून झऱ्यांच्या रूपानें बाहेर पडतें. त्यांत क्षार थोडे. साबणास फेंस लवकर येतो. परंतु ज्या छिद्रांतून पाऊस मुरतो, त्यांतूनच वस्तीचें सांडपाणीही मुरतें, आणि रोगजंतु डोळ्यांस दिसत नाहींत. सहलीस आलेलीं मुलें तें ओंजळींनीं पितात. लहानपणीं आम्हीही पीत असूं. आतां आम्ही उकळलेलें पाणी बरोबर नेतों, आणि मुलें कुरकुरतात.