कर्कश आवाजाचा लळा

नभोवाणीवर बोलणाऱ्याचा आवाज भारदस्त असावा आणि उच्चार निर्दोष असावेत, असा संकेत जगभर रूढ आहे. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहराने तो बिनदिक्कत मोडला. मायरन कोप या क्रीडापत्रकाराचा आवाज चिरका आणि नाकातून येणारा होता. बोलण्यास त्या पोलादनगरीचा ठसठशीत हेल होता. तरीही 'स्टीलर्स' या आपल्या लाडक्या फुटबॉल संघाचे सामने पिट्सबर्गने ३५ हंगाम याच आवाजाच्या संगतीने ऐकले. या लोकप्रियतेचे मर्म तपासून पाहण्याजोगे आहे.

कोप यांचा जन्म १९२९ साली पिट्सबर्गमध्येच झाला आणि विद्यापीठाचे शिक्षणही त्यांनी तेथेच घेतले. ईरी येथील दैनिकात उमेदवारी करून ते 'पिट्सबर्ग पोस्ट-गॅझेट'मध्ये आले. पुढे नियतकालिकांसाठी स्वतंत्र लेखन करू लागले. कॅशियस क्ले, म्हणजेच नंतरचे महंमद अली, यांच्यावरील लेखासाठी १९६३ साली त्यांना नियतकालिकांतील सर्वोत्कृष्ट क्रीडालेखनाचे पारितोषिक मिळाले. ध्वनिक्षेपकासमोर बसण्यापूर्वी हा गृहस्थ लेखणीवर नाव मिळवून बसला होता, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. १९६८ साली 'डब्ल्यूटीएई' या स्थानिक नभोवाणी केंद्रावर ते रोजचे क्रीडाभाष्य करू लागले. १९७० पासून स्टीलर्सच्या सामन्यांचे सहसमालोचक झाले. त्यांचा क्रीडाचर्चेचा कार्यक्रम १९७३ ते १९९५ अशी २२ वर्षे चालला.

अशा कार्यक्रमात दूरध्वनी करणारा श्रोता हाच निम्मा वक्ता असतो. कोप यांना हे पुरते उमगले होते. २३ डिसेंबर १९७२ रोजी ओकलंड रेडर्सविरुद्धच्या सामन्यात अवघी काही सेकंदे उरली असताना, टक्कर होऊन उडालेला चेंडू फ्रँको हॅरिसने जमिनीलगत झेलला आणि धावत जाऊन स्टीलर्सला १३-७ असा विजय मिळवून दिला. त्या रात्री एका महिलेने दूरध्वनी करून या झेलासाठी आपल्या मित्राला सुचलेले नाव कळविले. मेरीमातेच्या निष्कलंकत्वाविषयीच्या ख्रिस्ती श्रद्धेवर कोटी करणारे ते 'इमॅक्युलेट रिसेप्शन' हे नाव कोप यांनी त्याच रात्री प्रक्षेपणात उच्चारले आणि ते अमेरिकन क्रीडेतिहासात कायमचे रुजले. ते आपल्याला कोणाकडून मिळाले, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले.

तथापि या कारकीर्दीला एक दुसरी बाजूही आहे. १९७५ साली केंद्राच्या चालकांना प्रेक्षकांना चेतविणारी एखादी क्लृप्ती हवी होती. कोप प्रथम नाखूष होते. परंतु अखेर प्रत्येकाने घरातील पिवळा वा काळा टॉवेल आणून मैदानात फिरवावा, असे आवाहन त्यांनीच केले. 'टेरिबल टॉवेल' तो हाच. ज्याने सामन्याचे परीक्षण करावयाचे, त्यानेच प्रेक्षकांच्या हाती निशाण द्यावे काय, असा आक्षेप कोणी घेतल्यास तो अगदीच अनाठायी ठरणार नाही. निःपक्षपातीपणा हे पत्रकाराचे ब्रीद मानले, तर कोप त्यापासून ढळले हे कबूल केलेच पाहिजे.

मात्र या टॉवेलचा पुढील प्रवास पाहिला की निवाडा इतका सोपा राहत नाही. १९८०च्या दशकात पिट्सबर्ग परिसरातील पोलाद कारखाने एकामागून एक बंद पडले. हजारो कुटुंबे पोटासाठी देशोधडीला लागली आणि जाताना गावाची ही खूण सोबत घेऊन गेली. परक्या शहरांतील मैदानांवरही पिवळे टॉवेल फडकू लागले. १९९६ साली कोप यांनी टॉवेलचे हक्क बौद्धिक विकलांगांची देखभाल करणाऱ्या 'अ‍ॅलेघेनी व्हॅली स्कूल' या संस्थेला देऊन टाकले. त्यांचा स्वतःचा मुलगा याच संस्थेच्या आश्रयाला होता. एका धंदेवाईक क्लृप्तीतून त्या संस्थेला लाखो डॉलर मिळत गेले.

२००५ साली कोप निवृत्त झाले. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय नभोवाणी सन्माननामावलीत त्यांची निवड झाली. व्यावसायिक फुटबॉलच्या समालोचकाला हा मान प्रथमच मिळत होता. २७ फेब्रुवारी २००८ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा नगरभवनासमोर बर्फात जमलेल्या लोकांनी मिनिटभर मौन पाळण्याऐवजी मिनिटभर टॉवेल फिरविले.

आज अमेरिकेतील कित्येक केंद्रांवरची क्रीडाचर्चा दूरच्या शहरात तयार होते आणि शेकडो गावांत एकाच वेळी ऐकू येते. तीत माहिती भरपूर असते, आवाजही सफाईदार असतात. परंतु रात्री दूरध्वनी करणाऱ्या श्रोत्याची गल्ली, त्याच्या बापाचा बंद पडलेला कारखाना आणि त्याच्या बोलण्यातील हेल त्या निवेदकास ठाऊक नसतो. प्रादेशिक पत्रकार म्हणजे राजधानीत पोहोचू न शकलेला पत्रकार, अशी एक समजूत आपल्याकडेही दृढ आहे. ज्याच्या लेखणीची दखल देशाने घेतली होती, त्या कोप यांनी आपले शहर हेच आपले क्षेत्र मानले. आपले म्हणणे ऐकून घेणारा असा माणूस केंद्रावरून नाहीसा झाला, तर गावाला केवळ ऐकत राहावे लागेल. बोलावयाचे असल्यास कोणाला दूरध्वनी करावा, हा प्रश्न मात्र अनुत्तरितच राहील.