साइटवरची फुकट रेती फिश टँकमध्ये चालेल का?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय.

विषय एका व्हॉइस नोटमधून आलाय. भिवंडीचा श्रोता, घरात दोन फुटी टँक, त्यात सहा कोरीडोरास. म्हणजे तळाशी नाक खुपसत फिरणारे ते मिशीवाले छोटे मासे. तो विचारतो, "दादा, टँकमध्ये रंगीत खडे आहेत आणि माशांच्या मिश्या झिजायला लागल्यात. आता रेती टाकायची आहे. मामाच्या साइटवर ढीग पडलाय, एक गोणी आणू का?"

भावा, गोणी राहू दे. आधी एक मूठ आण. का, ते सांगतो.

मिश्या का झिजतात?

कोरी तोंडात रेती घेतो, खाण्यासारखं असेल ते ठेवतो आणि उरलेली कल्ल्यांमधून बाहेर सोडतो. मोठ्या खड्यांमध्ये त्याला हे करताच येत नाही. त्यामुळे रेती टाकायचा तुझा विचार बरोबर आहे.

पण सगळा दोष खड्यांच्या धारेचा नसतो. खड्यांच्या फटीत खाणं अडकतं, कुजतं, आणि त्या घाणीतल्या जिवाणूंमुळेही मिश्या गळतात. म्हणजे रेती बदलली आणि साफसफाई तशीच राहिली, तर मिश्या परत येणार नाहीत.

ढिगातली रेती आली कुठून?

आपल्या ठाणे-भिवंडी पट्ट्यात साइटवर मुख्यतः दोन प्रकार दिसतात.

पहिली, खाडीची रेती. मुंब्रा, कल्याण इथल्या 'रेतीबंदर' या नावातच हा जुना धंदा आहे. या रेतीत शिंपल्यांचा चुरा असतो. मीठ चार पाण्यांनी धुऊन निघेल, पण शिंपला निघत नाही. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तो पाण्यात हळूहळू विरघळतो आणि पाण्याचा जडपणा आणि पीएच वाढवत राहतो. कोरी, टेट्रा हे मऊ पाण्यातले मासे. ते एका दिवसात मरत नाहीत, पण महिनोन् महिने ताणात राहतात आणि आपल्याला कारण कळत नाही.

आणि अजून एक गोष्ट. रेती हे गौण खनिज आहे, परवानगीशिवाय काढणं गुन्हा आहे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ हेक्टरपेक्षा लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागेल असं सांगितलं. चार मासे जगवायला आपण खाडीचा तळ उपसायचा, हे काही बरोबर वाटत नाही.

दुसरी, क्रश सँड. आपला काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, फोडून केलेली. ही पाण्यात फारशी विरघळत नाही. पण दाणे धारदार असतात, भुकटी भरपूर असते. शिवाय काळ्या दगडाच्या पोकळ्यांमध्ये कधी कधी पांढरा कॅल्साइट असतो. म्हणजे पुन्हा कार्बोनेटच.

मुठीची टेस्ट

एक चमचा कोरडी रेती काचेच्या ग्लासात घे. त्यावर पांढरं व्हिनेगर ओत. ग्लास कानाशी धर. चुरचुर आवाज आला, बुडबुडे सुटत राहिले, तर कार्बोनेट आहे. ती रेती बाद. मलावी किंवा टांगानिका तलावातले सिक्लिड पाळणाऱ्यांना मात्र तीच चालते, कारण त्या माशांना जड पाणी लागतं.

मग ओली रेती दोन बोटांमध्ये चोळ. टोचली तर कोरीलाही टोचणार.

मग घ्यायची कुठली?

स्विमिंग पूल आणि पाण्याच्या फिल्टरमध्ये वापरतात ती सिलिका सँड. ही क्वार्ट्झची असते, पाण्यात काही सोडत नाही. आपल्याच राज्यात सिंधुदुर्गात कासार्डे भागात सिलिका निघते. साधारण अर्धा ते एक मिलिमीटरचा दाणा माग आणि घेताना गोलसर आहे ना ते बघ. फार बारीक घेतली तर घट्ट बसते. रंग दिलेली नको. आणि सुकी रेती ओतताना नाक-तोंड झाक, सिलिकाची धूळ फुफ्फुसांना वाईट.

किती लागेल? तुझा टँक ६० बाय ३० सेंटीमीटर धरू. ४ सेंटीमीटर थर म्हणजे साधारण सव्वासात लिटर रेती, वजनात ११ किलोच्या आसपास. याहून जाड थर नको.

धुणं आणि बदलणं

बादलीत पाव भागच रेती घे. पाणी सोड, हाताने ढवळ, गढूळ पाणी ओतून दे. दहा-बारा वेळा करावं लागेल, कंटाळू नकोस.

मासे आत असताना सगळे खडे एकदम काढू नकोस. माशांच्या मलमूत्रातला अमोनिया पचवणारे जिवाणू त्या खड्यांवरही राहतात. यंदाच्या आठवड्यात अर्धे काढ, उरलेले पुढच्या आठवड्यात, आणि या दिवसांत फिल्टर धुऊ नकोस. खड्यांवर रेती ओतायचीही नाही. रेती फटीतून खाली जाते, खडे वर येतात.

रेती टाकताना फिल्टर बंद ठेव, पाणी निवळलं की चालू कर. नाहीतर दाणे मोटरमध्ये जातात.

काळे डाग, सडक्या अंड्याचा वास

जाड थरात खाली ऑक्सिजन पोचत नाही. तिथे हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. काचेतून एखादा काळा डाग दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. पण वर्षभर न हलवलेला जाड थर एकदम उपसला, तर तो वायू माशांना मारू शकतो. म्हणून थर पातळ ठेव आणि दर आठवड्याला काडीने थोडा थोडा भाग हलव. ट्रम्पेट गोगलगायी हे काम आपोआप करतात, फक्त खाणं जास्त पडलं की त्यांची संख्या भराभर वाढते.

रेतीचा एक फायदा म्हणजे घाण आत न जाता वरच पडते. सायफनचा पाइप थरापासून दोन-तीन सेंटीमीटर वर धरून फिरवला की घाण निघते, रेती जागेवर राहते.

तर भावा, आज मामाकडून मूठभर रेती आण, व्हिनेगर टाक आणि आवाज ऐक. चुरचुर झाली की ढीग तिथेच राहू दे. मिश्यांचं काय झालं, ते दोन महिन्यांनी व्हॉइस नोट पाठवून नक्की सांग. मुळापर्यंत झिजल्या नसतील तर परत वाढतात.

पुढच्या भागात भेटू!