रविवार, अंगण आणि अब्बांची मारुती

फज्रनंतर पुन्हा अंथरुणात शिरायचे आणि दहापर्यंत लोळायचे, हा आमच्या घरातला रविवारचा जुना रिवाज. तो मोडला 2023 च्या सुरुवातीला, अंगणातल्या एका पांढऱ्या मारुती 800 मुळे.

अब्बांनी ही गाडी 2008 साली घेतली, एस.टी.च्या कार्यशाळेतली नोकरी संपल्यावर हाती आलेल्या पैशांतून. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांखाली झोपलेल्या माणसाची ही पहिली स्वतःची गाडी. आता तिला 15 वर्षे पूर्ण होत होती. खाजगी गाडीची नोंदणी तेवढ्याच मुदतीची असते. पुढे वापरायची तर आर.टी.ओ.त तपासणी करून 5 वर्षांसाठी नूतनीकरण करून घ्यावे लागते. एप्रिल 2022 पासून त्याचे शुल्क 5,000 रुपये झाले, पर्यावरण कर वेगळा. त्याआधी गाडी तपासणीच्या लायकीची करायला हवी होती. एका गॅरेजने खर्चाचा जो आकडा सांगितला तो ऐकून भाईजान म्हणाले, "एवढ्यात दुसरी जुनी गाडी येईल." भंगारात काढायचे जवळजवळ ठरले.

अब्बा यावर काहीच बोलले नाहीत. त्यांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. अल्लाहच्या कृपेने चालणे-बोलणे सुधारले, पण उजव्या हाताची पकड गेली ती गेलीच. त्या रात्री अम्मीने आम्हाला खिडकीपाशी बोलावले. अब्बा अंगणात बॉनेट उघडून उभे होते. डाव्या हाताने प्लगची वायर ओढून पाहत होते, निघत नव्हती. दुसऱ्या दिवशी भाईजानच म्हणाले, "अब्बा, तुम्ही खुर्चीवर बसा आणि सांगा. हात आम्ही लावतो."

पहिल्या रविवारी आम्हाला वाटले, लगेच इंजिन उघडायचे. अब्बांनी फक्त गाडी धुवायला लावली, खालूनसुद्धा. घाणीत गळती दिसत नाही. मग म्हणाले, "आज एकच शिकायचं. गाडी उचलायची कशी." धाकट्याने डिकीतला जॅक काढला, गाडी उचलली आणि पाठीवर झोपून खाली सरकू लागला. अब्बा इतक्या जोराने ओरडले की शेजारच्या काकू बाहेर आल्या. झटक्यानंतर त्यांचा एवढा मोठा आवाज आम्ही ऐकलाच नव्हता.

गाडीबरोबर मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली जायचे नाही. आमचे अंगण तर मातीचे, जॅकचा पाय त्यात हळूहळू रुततो आणि माणसाला कळतही नाही. अब्बांच्या सांगण्यावरून आम्ही जॅकखाली जाड फळी टाकली, दोन लोखंडी जॅक स्टँड विकत आणले आणि जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढे-मागे लाकडी ठोकळे लावले. विटा रचू दिल्या नाहीत. वीट वाकत नाही, एकदम फुटते. हँडब्रेक ओढलाय म्हणून निर्धास्त राहायचे नाही, कारण तो मागच्या चाकांना लागतो आणि मागची बाजूच उचलली तर तो धरणार काय? गाडी स्टँडवर बसली की बाहेरूनच तिला दोन्ही हातांनी हलवून पाहायचे. मुले अंगणात असतील तर काम बंद. यातला एकही नियम आमच्या घरात आजवर सैल झालेला नाही.

पुढचे रविवार सोपे गेले. एअर फिल्टर काढला तर त्यातून चिंचेची वाळकी पाने निघाली. तिन्ही प्लग काढून अब्बांसमोर ठेवले. ते डॉक्टरांनी जीभ पाहावी तसे एकेकाचे टोक पाहू लागले. विटकरी-करडा रंग म्हणजे ठीक, कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल नीट जळत नाही, ओला तेलकट काळेपणा म्हणजे इंजिनातले ऑइल वर चढते आहे. आमचे तिन्ही कोरडे काळे होते. एस.टी.तला माणूस डिझेलवर वाढलेला, तरी हे सगळे त्यांना तोंडपाठ होते. मात्र इंजेक्शनची यंत्रणा आली तेव्हा त्यांनी हात जोडले. "कार्बोरेटर असता तर कानाने लावून दिला असता. इथे संगणक आहे, इथे माझं ज्ञान संपलं." जे येत नाही ते येत नाही असे म्हणायला त्यांना कमीपणा वाटला नाही, आणि आम्हाला व्हिडिओ पाहून सगळेच येते असे वाटत होते.

बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरी पावडर साचली होती. अम्मीने स्वयंपाकघरातून खाण्याचा सोडा आणि कोमट पाणी दिले, जुन्या टूथब्रशने घासून दोन्ही टोके लख्ख झाली, वर व्हॅसलीनचा हात फिरवला. काढताना आधी ऋण टोक सोडायचे आणि लावताना ते शेवटी लावायचे, एवढे लक्षात ठेवावे. उलटे केले आणि पान्याचे दुसरे टोक बॉडीला टेकले तर ठिणगी उडते. हातात कडे किंवा अंगठी असेल तर काढून ठेवावी.

ऑइल बदलायच्या दिवशी मात्र आम्ही फजिती करून घेतली. कृती कठीण नाही. इंजिन पाच मिनिटे चालवून बंद करायचे म्हणजे तेल पातळ होते, खालचा बोल्ट सोडून ते घमेल्यात काढायचे, बोल्टला नवा वायसर, नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला बोटाने ताज्या ऑइलचा हात, आणि फिल्टर हातानेच आवळायचा, पान्याने नाही. आम्ही सगळे असेच केले. गाडी सुरू केली आणि क्षणात ताजे ऑइल धारेने अंगणभर. जुन्या फिल्टरची रिंग इंजिनालाच चिकटून राहिली होती आणि आम्ही त्यावर दुसरी चढवली होती. अब्बा त्या वेळी वुजूला आत गेले होते. तेवढ्यातच आमची घाई.

ऑइल उताराने काकूंच्या कुंपणाकडे निघाले. पलीकडे त्यांची तुळस, भाजीचे वाफे आणि पुढे विहीर. पाणी ओतून धुवायला धावलेल्या धाकट्याला आपाने अडवले. पाण्याने ते आणखी पसरले असते. समोरच्या सुताराकडून भुश्शाचे पोते आणले, मातीचा बांध घातला, भुसा टाकून-भरून, टाकून-भरून जुहरपर्यंत जागा कोरडी केली. मग भाईजान काकूंकडे गेले आणि काय झाले ते सांगितले. त्या बघायला आल्या, वाफे ठीक आहेत म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आधीचं काळं तेल कुठे टाकता रे?"

आम्ही गप्प. मागच्या खेपेचा डबा आम्ही गटारात रिकामा करणार होतो, खोटे कशाला बोला. शेजाऱ्याच्या हक्काबद्दल आपण जुम्याच्या बयानात किती ऐकतो! वापरलेले इंजिन ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडते. ते जमिनीत मुरले की विहिरीला त्याचा वास यायला काकूंचे घर लांब नाही. आता ते झाकणाच्या डब्यात साठवतो. मोठी गॅरेजे असे ऑइल साठवून अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी देतात, तिथे नेऊन देतो. भुसाही पिशवीत भरून तिथेच दिला.

वुजूचा विषय निघालाच आहे तर एक सोय सांगून ठेवतो. नखांत आणि बोटांच्या चिरांत ग्रीसचा थर राहिला तर कातडीपर्यंत पाणी पोहोचत नाही आणि मन खात राहते. काम सुरू करण्याआधी ओल्या साबणावर नखे खरवडून घ्यावीत, म्हणजे तिथे घाण शिरायला जागाच उरत नाही. नंतर कोरड्या हातांना आधी खाद्यतेल चोळावे, त्यावर बेसन किंवा कोंडा, आणि मग साबण. पेट्रोलने हात धुऊ नयेत, कातडी फाटते. अम्मीची आणखी एक अट होती, कामाचे कपडे अंगणातच बदलायचे आणि वेगळे धुवायचे. ती रास्तच.

खरा वाद ब्रेकवरून झाला. हँडब्रेक नीट धरत नव्हता आणि पुढचे ब्रेक पॅड झिजले होते. धाकट्याने पॅड आणून ठेवले होते, व्हिडिओ चार वेळा पाहिला होता. अब्बा नाही म्हणाले. तो चिडला. "मग आम्ही इतके रविवार शिकलो कशाला?" अब्बा शांतपणे म्हणाले, "ऑइल चुकलास तर आपलं इंजिन जाईल. ब्रेक चुकलास तर रस्त्यावरचं दुसऱ्याचं मूल जाईल. त्याला विचारलंस का?" धाकटा दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाही. त्याची बाजू आम्हाला अगदीच चुकीची वाटत नव्हती. हात तयार होते, पान्यांची सवय झाली होती. पण शेवटी गाडी वस्तादांकडे गेली. त्यांनी पुढचे पॅड आणि मागचे लायनर बदलले, ब्रेकचे जुने ऑइल काढून हवा काढली, आणि धाकट्याला शेजारी बसवून सगळे दाखवले. मजुरी आम्ही एक पैसा कमी न करता दिली. अंगणात पाठ मोडून घेतल्याशिवाय मजुरी म्हणजे काय हे कळत नाही, आणि त्या पहिल्या गॅरेजच्या आकड्यावर आम्ही जरा जास्तच रागावलो होतो असेही वाटून गेले.

त्यानंतर हेडलाइट, हॉर्न, वायपरची रबरे, मागची रिफ्लेक्टर पट्टी अशी बारीकसारीक कामे उरकली, पी.यू.सी. काढली आणि गाडी तपासणीला नेली. अब्बा पुढच्या सीटवर, खिशात तसबीह. गाडी पास झाली. 5 वर्षे मिळाली, अल्हम्दुलिल्लाह.

या सगळ्यात आपा गप्पच असायची. पाने हातात देणे, काढलेले नट-बोल्ट क्रमाने ताटलीत मांडणे, हे काम तिचे. गेल्या हिवाळ्यात ती मुलीला घेऊन कराडहून परतत असताना महामार्गावर मागचे चाक पंक्चर झाले. तिने गाडी डाव्या कडेला घेतली, पार्किंगचे दिवे लावले, त्रिकोण बराच मागे नेऊन ठेवला आणि मुलीला रेलिंगपलीकडे उभे केले. चाक जमिनीवर असतानाच नट ढिले करायचे हे तिला ठाऊक होते. पण पंक्चरवाल्याने मशीनने आवळलेले नट हाताने हलेनात, तेव्हा पान्यावर पाय देऊन उभी राहिली. चारही निघाले. एक ट्रकवाले चाचा थांबून विचारत होते, "बेटी, मदत करू?" तोवर ती स्टेपनीचे नट समोरासमोरच्या जोड्यांनी आवळत होती.

मगरिबनंतर ती घरी पोहोचली. भाची धावत येऊन सगळ्यांना हकीकत सांगू लागली, अम्मी दुआ पुटपुटत तिच्या कपाळावरून हात फिरवत होती. अब्बांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "थोडी चालवल्यावर पुन्हा थांबून नट आवळलेस का?"

आपाने दुपट्टा खोचला आणि पाना घ्यायला अंगणात गेली.