सात प्रश्नांत नसलेला डोळा

बँकेत कर्जप्रकरण तपासायला आमच्याकडे छापील तक्ता असे. उत्पन्न, तारण, जामीनदार, सगळे रकाने त्यात. कर्जदाराची दानत तेवढी नसे. त्या तक्त्याची आठवण झाली ती एका रुग्णालयात.

सहकाऱ्याच्या मुलीला फिट येत म्हणून नवे औषध सुरू झाले होते. तिसऱ्या आठवड्यात ताप, तोंडात फोड, आणि मग भाजल्यासारखी कातडी सुटू लागली. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम. या दोन अमेरिकन डॉक्टरांनी १९२२ साली दोन मुलांचे हे दुखणे नोंदवले, तेव्हा तोंड आणि डोळे यांचा दाह लेखाच्या मथळ्यातच होता. मग डोळा मागे पडला कसा?

जीव वाचवण्याच्या घाईत, हे त्याचे उत्तर, आणि ती घाई खोटी नाही. २००० सालापासून डॉक्टर ‘स्कॉर्टेन’ नावाची गुणपद्धत वापरतात. वय, कर्करोग, नाडी, सुटलेल्या कातडीचे प्रमाण, रक्तातील युरिया, साखर, बायकार्बोनेट असे सात प्रश्न. रोगी जगेल की नाही, याचा अंदाज त्यावरून येतो. डोळ्यांचा येत नाही. कातडी थोडीच गेली म्हणून डोळे सुखरूप, असाही हिशेब नाही.

डोळ्यांचे भाकीत डोळ्यांतच पाहावे लागते, तेही पहिल्या दिवसापासून आणि रोज. रंगाचा थेंब टाकून, पापणी उलटून, बुबुळावर आणि पापणीच्या कडेला जखम आहे का, साय धरली आहे का, हे बघायचे. जखम मोठी असेल तर वारेचा पातळ पडदा डोळ्यावर बसवतात. पण तो पहिल्या आठवडा-दहा दिवसांतच खरा उपयोगी. सर्दी-तापाच्या साध्या गोळ्यांनंतर हा आजार झाला तर डोळे अधिक जपावेत, असे जपानी डॉक्टरांचा अनुभव सांगतो. भारतीय रुग्णांत अशा प्रसंगी एचएलए-बी ४४:०३ हा जनुकप्रकार जास्त आढळला आहे. पण तापाच्या प्रत्येक गोळीआधी जनुके कोण तपासणार?

वेळ गेली की पापणीची कड खरखरीत होते, केस आत वळतात आणि प्रत्येक उघडझाप बुबुळ घासते. मग ओठाच्या आतल्या अस्तराचा तुकडा पापणीला जोडण्याची शस्त्रक्रिया करावी लागते.

मुलीची कातडी महिन्यात भरली. डोळ्यांच्या डॉक्टरांना बोलावले होते अकराव्या दिवशी. परवा ती भेटली, घरातही काळा चष्मा. बोलता बोलता तिने पर्समधली बाटली काढून डोळ्यांत थेंब टाकले, तासाभरात दुसऱ्यांदा.