फळ्यावरचे नाव

व्याकरणाचा तास रेंगाळू लागला की मी एखादी गोष्ट सांगतो. विंबल्डनचे दिवस होते, म्हणून डब्लिनची सांगितली. तिथल्या फिट्झविल्यम क्लबाने १८७९ साली टेनिसची आयरिश अजिंक्यपद स्पर्धा सुरू केली. खेळाडू हौशी, मैदान हिरवळीचे. आणि मान असा, की विंबल्डनच्या जोडीने तिचे नाव घेतले जाई. पहिला विजेता व्हीर गूल्ड. हाच गूल्ड पुढे १९०७ साली माँटे कार्लोत एका विधवेच्या खुनात सापडला. प्रेत ट्रंकेत निघाले! जन्मठेप होऊन तो डेव्हिल्स बेटावर गेला नि १९०९ साली तिथेच मेला.

वर्ग रंगला होता. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, त्या वर्षी बायकांत कोण जिंकलं?"

"बायका कुठल्या खेळायला त्या काळी!" मी वेळ मारून नेली. वर्ग हसला, ती खाली बसली.

घरी पुस्तके चाळली. बायका खेळल्या होत्या! विंबल्डनने त्यांना १८८४ साली घेतले, डब्लिनने पाच वर्षे आधी. पुरुषांचे सामने चौकातल्या हिरवळीवर. बायकांचे मात्र क्लबाच्या आवारात, परक्या नजरांपासून दूर. जिंकली मे लँग्रिश. वय अवघे चौदा! १८८३ आणि १८८६ सालीही तीच.

हिरवळीवरची ती मानाची स्पर्धा आता इतिहासजमा झाली. खुन्याचे नाव तेवढे माझ्या ओठांवर राहिले होते.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर आधी तिचे नाव लिहिले. मग मागच्या बाकाकडे पाहून म्हटले, "काल मी चुकलो."